लाल दोऱ्याची गोळी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी तुम्हाला कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. तुम्ही होतात तेव्हाही आपण फार बोलत नव्हतो. सासरा आणि सून एका घरात राहून बोलतात तेवढंच: चहा ठेवू का, दूधवाला येऊन गेला का, भाजी काय आणू. मला लिहायची सवयही नाही. शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, तिथे दाखले आणि अर्ज लिहिले, त्यापलीकडे काही नाही. पण काल पुण्याहून तुमच्या नातीचा फोन आला. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि आता दोघांना मूल हवं आहे. माझा संधिवात तिच्यातही उतरला आहे, गेल्या वर्षी निघाला. तिच्या डॉक्टरांनी तिला एक छापील कागद दिला आहे. कोणती गोळी बाळाचा विचार करायच्या किती महिने आधी बंद करायची, कोणती पूर्ण नऊ महिने चालू ठेवायची, कोणती दूध पाजताना चालते, सगळं ओळीने लिहिलेलं. तिने तो मला फोनवर वाचून दाखवला आणि विचारलं, "आई, तुझ्या वेळी असं काही होतं का गं?" मी म्हटलं, "कागद नव्हता. तुझे आजोबा होते." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती सात वर्षांची होती. तिला तुम्ही आठवता ते रविवारी पोहे-जलेबी आणणारे आजोबा म्हणून. फोन ठेवून मी पेन शोधून ठेवलं, आणि आज कागद घेतला.

लग्न होऊन मी परदेशीपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. घरात तुम्ही, तुमचा मुलगा आणि मी. तुम्ही मिलमध्ये फोल्डिंग खात्यात कापड तपासायला होतात. मी आले त्याच वर्षी मिल बंद पडली. तो दिवस मला आठवतो, कारण मी तुम्हाला सकाळी डबा भरून दिला होता आणि अकराच्या सुमाराला तुम्ही तो तसाच भरलेला परत आणलात. "ठेव, दुपारी इथेच खाईन," एवढंच म्हणालात. पुढे कित्येक महिने तुम्ही रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मिलच्या गेटवर जाऊन बसायचात. सगळेच बसायचे. मिल पुन्हा सुरू होईल असं कोणी ना कोणी रोज सांगायचं. तुमच्या मुलाला तुमच्याच खात्यात लावायचं ठरलं होतं, ते राहिलं, आणि तो पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात लागला. पहाटेची बस पकडून जायचा, अंधार पडल्यावर यायचा.

माझे हात त्याच वर्षी धरले. सकाळी उठलं की बोटं मिटायची नाहीत, मनगटं सुजलेली असायची. माझ्या आईने उज्जैनहून निरोप पाठवला होता की सासरी बोलू नकोस, नवी सून आजारी निघाली म्हणतील. म्हणून मी सगळे उठायच्या आधी उठून गरम पाण्यात हात बुडवून बसत असे. एक दिवस तुम्ही पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलात आणि मी मनगटाने आणि कोपराने कणीक मळत होते. तुम्ही पाणी प्यालात, भांडं ठेवलंत आणि गेलात. दुसऱ्या दिवशी मी उठले तर परातीत कणीक मळून, वर ओलं फडकं टाकून ठेवलेली. मला वाटलं तुमच्या मुलाने मळली. तिसऱ्या दिवशी लवकर उठून पाहिलं, तर तुम्ही बनियनवर, दोन पायांत परात धरून बसलेले. मला लाजेने काय करावं कळेना. "अण्णा, हे काय करताय?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "मिल बंद झालीये बेटा, हात नाही झाले." कणीक घट्ट झाली होती आणि पोळ्या वातड. संध्याकाळी तुमचा मुलगा डबा ठेवताना म्हणाला, "आज पोळ्या कोणी केल्या, नगरपालिकेने?" तुम्ही पेपरातून डोकं न काढता म्हणालात, "तुझ्या बापाने. उद्या पण त्याच आहेत." त्या आठवड्यातच तुम्ही पळी, उलथनं, लाटणं, सगळ्यांच्या मुठींना कापडाच्या पट्ट्या गुंडाळून जाड करून दिलंत. माझी बोटं पूर्ण मिटत नव्हती, पण जाड मूठ धरता यायची. मला आजवर मिळालेल्या भेटींमध्ये त्या पळीचा नंबर वरचा आहे.

मग दवाखाना. मोठ्या सरकारी दवाखान्यात सांध्यांचे डॉक्टर मंगळवारी बसायचे, आणि मंगळवारीच गेटवर पुढाऱ्यांची सभा असायची. तुम्ही सभा सोडलीत. तुमचे जोडीदार रस्त्यात भेटले की म्हणायचे, "क्या भिया, यूनियन छोड़ के बहू के पीछे-पीछे अस्पताल?" तुम्ही म्हणायचात, "वहाँ कम से कम नंबर तो आता है." डॉक्टरांनी पहिल्यांदा तुम्हाला खोलीबाहेर बसायला सांगितलं. तुम्ही उठला नाहीत. "साहब, मैं बाहर बैठा तो ये आधा पूछेगी और घर आके पाव बताएगी." डॉक्टर हसले आणि तुम्ही राहिलात. मी त्या दिवशी मान खाली घालून बसले होते. मला तेव्हा तुमचा राग आला होता, हे खोटं कशाला बोलू.

मला आठवड्यातून एकदा घ्यायची एक पिवळी गोळी सुरू झाली. रविवारची गोळी म्हणायचो आपण तिला. बरोबर एक मोठी सल्फाची, एक छोटी स्टेरॉइडची आणि एक दुखण्यावरची. दीड वर्षात माझे हात पुष्कळ सुधारले, पोळ्या पुन्हा माझ्याकडे आल्या, आणि मग मूल हवं असं मला वाटू लागलं. हे मी तुमच्या मुलाशी बोलले होते, तुमच्याशी कशी बोलणार? पण पुढच्या मंगळवारी डॉक्टरांसमोर तुम्ही स्वतःच खिशातून गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या काढल्यात आणि टेबलावर ओळीने मांडल्यात. "साहब, बच्चों की उमर है. इनमें से कौन सी चलेगी, कौन सी नहीं चलेगी? और जो नहीं चलेगी, वो कितने दिन पहले बंद करनी है?" मी खोलीतल्या पंख्याकडे बघत होते. डॉक्टरांनी पिवळ्या गोळीवर बोट ठेवलं. ही पोटातल्या बाळाला घातक आहे, तीन महिने आधी बंद, आणि ते तीन महिने मूल राहता कामा नये. सल्फाची चालेल, तिच्याबरोबर फॉलिक ॲसिड रोज. स्टेरॉइडचा छोटा डोस चालेल. दुखण्याची गोळी सातव्या महिन्यानंतर अजिबात नाही. तुमच्या नातीच्या कागदावर ही मर्यादा आता बरीच अलीकडे आली आहे, आणि तेव्हा डॉक्टर जिला बिचकायचे ती मलेरियावरची, पण सांध्यांनाही देतात ती गोळी आता खुशाल नऊ महिने चालते. पण त्या दिवशी जे माहीत होतं ते तुम्ही सगळं विचारून घेतलंत. मग डॉक्टर माझ्याकडे वळले, "तब तक का इंतज़ाम क्या है? निरोध, कॉपर-टी?" तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. पण उठला नाहीत.

घरी आल्यावर तुम्ही सुईदोऱ्याचा डबा मागितलात. फोल्डिंग खात्यात तुमची एक पद्धत होती, ती तुम्ही मला तेव्हा सांगितलीत. कापड टेबलावरून सरकत असतं, तपासणाऱ्याला दोष दिसला, तुटका धागा किंवा डाग, की त्याच्या समोरच्या काठाला रंगीत दोरा बांधायचा. पुढच्या माणसाला लगेच कळतं की इथे बघायचं आहे. बाकीचं थान, म्हणजे अख्खा तागा, चांगलं असतं, ते पुढे जातं. तुम्ही पिवळ्या गोळीच्या पट्टीला लाल दोरा बांधलात, दुखण्याच्या गोळीला काळा आणि उरलेल्या दोघींना पांढरा. लाल म्हणजे बंद, काळा म्हणजे सातव्यापर्यंत, पांढरा म्हणजे चालू. लाल दोऱ्याची पट्टी तुम्ही दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात परत देऊन आलात. "घरात असली की हात जातो," म्हणालात.

त्याच संध्याकाळी तुम्ही तुमच्या मुलाला गच्चीवर घेऊन गेलात. तो खाली आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मी विचारलं तर सांगेना. पुष्कळ वर्षांनी, तुम्ही गेल्यानंतर, एकदा हसत हसत त्याने सांगितलं. तुम्ही त्याला म्हणाला होतात, "मी काही सांगत नाहीये, डॉक्टरांनी सांगितलंय ते सांगतोय. तीन महिने सांभाळून राहा. आणि सामान मी आणून देणार नाही, ते तुझं तू आण." तुमच्या पिढीच्या माणसाला ते वाक्य बोलायला किती वेळ लागला असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. सासूबाई असत्या तर त्यांनी मला बोलावून अर्ध्या मिनिटात उरकलं असतं. त्या नव्हत्या म्हणून ते काम तुमच्याकडे आलं, आणि तुम्ही ते दुसऱ्यावर ढकललं नाहीत.

ते तीन महिने मला जड गेले. रविवारची गोळी बंद झाल्यावर सकाळचे हात पुन्हा आखडू लागले. त्यात शेजारच्या चाची. त्यांचे यजमानही तुमच्याच मिलमधले. दारात उभ्या राहून त्या तुम्हालाच म्हणाल्या, "भाईसाब, बहू को तीन साल हो रहे. कोई खुशखबरी नहीं?" आतून ऐकताना माझ्या हातातलं भांडं थांबलं. मला वाटलं तुम्ही काहीतरी हूं हूं करून विषय टाळाल. तुम्ही म्हणालात, "उसकी दवाई चल रही है जोड़ों की. डॉक्टर ने रुकने को बोला है, तो रुके हैं."

"बच्चे के लिए कौन रुकता है!"

"हम रुकते हैं. आप बस मिठाई तैयार रखना."

माझा आजार तुम्ही असा उंबऱ्यावर उघडा करून टाकलात याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं. पण त्यानंतर मी गरम पाण्यात हात घालायला लपून उठले नाही. चाचींनीही नंतर कधी टोमणा मारला नाही, उलट मेथीचे लाडू आणून दिले.

दिवस गेले ते रविवारची गोळी बंद केल्यापासून पाचव्या महिन्यात. पाळी चुकली तसा माझा आनंद एक दिवस टिकला आणि मग भीती सुरू झाली. आई उज्जैनहून आली. तिने गोळ्यांच्या पट्ट्या पाहिल्या आणि डोक्याला हात लावला. "पोटात जीव आहे आणि तू हे विष खातेस? तुझ्या सासऱ्यांना काय कळतं त्यातलं, ते कापडवाले." त्याच आठवड्यात प्रसूतीसाठी ज्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं होतं त्याही म्हणाल्या, सब बंद कर दो, रिस्क नहीं लेते. दोन बायका, एक आई आणि एक डॉक्टर, दोघी एकच सांगत होत्या. मी सगळं बंद केलं. पण तुम्हाला सांगायचं धैर्य झालं नाही. रोज वेळेवर गोळ्या पट्टीतून काढायची, कागदात गुंडाळायची आणि कचऱ्यात टाकायची. तुम्ही पट्ट्या बघायचात, त्या बरोबर कमी होत होत्या.

पंधरा दिवसांनी मी सकाळी न्हाणीघरात अडकले. आतून कडी लावली होती आणि आता ती बोटांनी सरकेना. दोन्ही हात लावले, तरी नाही. पाच-दहा मिनिटं झाली असतील. बाहेरून तुमचा आवाज आला, "काय झालं?"

"कडी अडकलीये."

तुम्ही दाराजवळ आलात. "कडी अडकलीये का हात?"

मला रडू आलं. तुम्ही दार ठोठावलं नाहीत, कोणाला हाक मारली नाहीत. म्हणालात, "तांब्या आहे ना आत? तो दोन्ही मनगटांत धर आणि कडीच्या दांडीला बाजूने ठोक. हळू. घाई नाहीये." चौथ्या-पाचव्या ठोक्याला कडी सरकली. मी बाहेर आले तेव्हा तुम्ही दाराकडे पाठ करून उभे होतात. चहा तुम्हीच केलात. माझा कप माझ्यापुढे ठेवून विचारलंत, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?" मी सांगितलं. कचऱ्याचंही सांगितलं.

तुम्ही मला आयुष्यात एकदाच बोललात, ते त्या दिवशी. आवाज चढवला नाहीत. "नको असतील तर नको म्हण. भीती वाटते तर भीती वाटते म्हण. पण टाकून देऊन खाल्ली म्हणून दाखवू नकोस. आमच्या खात्यात ज्याच्या हातून दोष राहिला त्याला समज देऊन सोडत होते. ज्याने दोष दिसल्यावर वरून घडी घातली, त्याला मी स्वतः खात्यातून काढायला लावलंय." आणि मग, "एक धागा तुटला म्हणून कोणी सगळं थान फाडत नाही, बेटा. लाल वेगळी केली ना आपण?" माझी आई आत बसून ऐकत होती. तिसऱ्या दिवशी जाताना तिने तुम्हाला वाकून नमस्कार केला. त्याआधी तिने कधी केला नव्हता.

मंगळवारची वाट न बघता तुम्ही मला डॉक्टरांच्या घरच्या दवाखान्यात नेलंत. ते चिडले. स्टेरॉइड असं एकदम थांबवतात का, म्हणाले, त्यात तुझाही जीव जाऊ शकतो, आणि इतकी सूज असली तर बाळालाही त्रासच. पांढऱ्या दोऱ्याच्या दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण तुम्ही एवढ्यावर थांबला नाहीत. "साहब, आप कहते हो चालू, मैडम कहती हैं बंद. ये बच्ची किसकी माने? आप लिख के दो, मैं उनको दिखाऊँगा." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. तुम्ही ती घेऊन सायकलवर डॉक्टरीणबाईंकडे गेलात, त्यांनी वाचून खाली दोन प्रश्न लिहिले, तुम्ही परत आलात, उत्तर घेऊन पुन्हा गेलात. तीन खेपा. शेवटी एकाच कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. डॉक्टरीणबाई मला पुढच्या तपासणीला म्हणाल्या, "तुम्हारे ससुरजी ने तो हम दोनों की क्लास ले ली." त्यांना राग आला नव्हता. तुम्ही बाहेर बाकावर बसून पेपर वाचत होतात, जणू तुमचा त्यात काही संबंध नाही.

सातव्या महिन्यात काळ्या दोऱ्याची पट्टीही गेली. नऊ महिने भरून तुमची नात आली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, हात, पाय, कान, टाळू, सगळं, आणि तुमच्याकडे देत म्हणाल्या, सब ठीक है. तुम्ही तिचे हात उजेडाकडे धरून एकेक बोट नीट पाहिलंत. खात्यात कापड असंच बघत असणार तुम्ही. मग खुर्चीवर बसलात आणि थोडा वेळ उठलाच नाहीत.

आता पुढचं. दूध पाजताना सल्फाची आणि स्टेरॉइडची चालते, हे तुम्ही बाळंतपणाआधीच विचारून ठेवलं होतं, कागदावर लिहूनही घेतलं होतं. चाचींना, गेटवरच्या मंडळींना, दूधवाल्याला, सगळ्यांना तुम्ही सांगायचात, "दवाई खाके भी दूध पिला रही है. डॉक्टर से लिखवाया है." मिल बंद झाल्यावर इतकं ताठ चालताना मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं. आणि तिसऱ्या महिन्यात माझा आजार उसळला. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतर असं होतं. स्टेरॉइडचा छोटा डोस थोडा वाढवला. तुम्ही विचारलंत, रविवारची गोळी? ते म्हणाले, दूध पाजतेय तोवर नाही. सहा महिने पाजलं तर उत्तम, पण हिला झेपत नसेल तर दूध सोडून गोळी सुरू करू, दोन्ही चालेल, हिने ठरवायचं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, काढते सहा महिने. तुम्ही म्हणालात, "मी आहे ना. तू फक्त पाज, बाकी सगळं माझ्याकडे." आणि खरंच तुम्ही सगळं केलंत. दुपट्यांच्या गाठी, अंघोळीचं पाणी, भांडी.

पण घ्यायचं तर मलाच होतं तिला. एका दुपारी तुम्ही भाजी आणायला गेला होतात. मी तिला पाळण्यातून उचललं आणि माझी मनगटं सुटली. ती घसरून माझ्या मांडीवर पडली, पाळणा जमिनीलगत होता आणि मी बसूनच उचलत होते म्हणून. तिला काही झालं नाही, ती रडलीही नाही. कोणी पाहिलं नाही. मी तिला तशीच मांडीवर धरून बसले, आणि तुम्ही परत यायच्या आत ठरवलं की मला माझे हात हवेत.

चार दिवसांनी मी तुम्हाला सांगितलं की दूध आटलं. तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. डॉक्टरांकडे जाऊन आलो, रविवारची गोळी पुन्हा सुरू झाली, वरच्या दुधाची बाटली तुम्ही उकळून द्यायचात. पण तुमच्या मनातून आशा गेली नव्हती, दूध परत आलं तर गोळी पुन्हा थांबवू असं तुम्ही डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. कोणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही डिंक आणलात, खारीक आणलीत, चाचींना विचारून स्वतः लाडू वळलेत. पहिले फुटले, दुसऱ्या वेळी जमले. रोज सकाळी एक लाडू ताटलीत ठेवून माझ्यापुढे सारायचात आणि पेपर उघडायचात. डबा संपेपर्यंत तुम्ही ते केलंत.

त्या दुपारी मी काय ठरवलं, हे मी आज सकाळी फोन करून तुमच्या नातीला सांगितलं. तिलाही उद्या असंच ठरवावं लागेल, म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग आजोबांना खरं का नाही सांगितलंस? ओरडले असते?" नाही ओरडला असता. तुम्ही डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले असते आणि बाटली आणायला निघाला असता, मला ते तेव्हाही माहीत होतं. माझ्या दूध पाजण्याचं तुम्ही सगळ्या गल्लीत सांगत होतात, आणि तुमचा चेहरा उतरलेला मला बघायचा नव्हता, एवढंच कारण. तुम्हाला कळलं होतं की नाही, हे मला कधी समजलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. अण्णा, दूध आटलं नव्हतं. चांगले तीन आठवडे येत होतं. तुमचा लाडू खाऊन मी न्हाणीघरात जायची, ते मोरीत काढून टाकायची आणि वरून तांब्याने पाणी ओतत राहायची, तुम्हाला बाहेर वाटावं की मी हात शेकते आहे.